रस्ता तुटायच्या आत: मिरज पश्चिम भागातल्या एका गावाचं पूरनियोजन

सांगलीत जुलै-ऑगस्टात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आयर्विनला किती?" १९२९ सालच्या या पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आकडा ऐकला की आपल्या गल्लीचं काय होणार ते ज्याचं त्याला कळतं. २००५ साली नदी ५३ फुटांच्या पुढं गेली तेव्हा जुन्या माणसांनी कानाला हात लावले, आणि याच्या वर आता पाणी जात नाही असं सगळ्यांनीच धरून चाललं. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ च्या वर गेली.

त्या पुरात आणि जुलै २०२१ च्या पुरात एकाच गावात काय फरक पडला, आणि तो १८ ते २५ वयाच्या काही पोरापोरींनी कसा पाडला, याची ही नोंद आहे. गाव मिरज पश्चिम भागातलं. हरिपूरच्या संगमाआधी कृष्णा आणि वारणा यांच्यामध्ये जी बेचकी तयार होते, तिच्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या मुलांनी तशी अट घातली आणि मला ती पटली. यातलं काहीही आमच्या गावापुरतं नाही, शेजारच्या कुठल्याही गावाला करता येईल, असं त्यांचं म्हणणं. नाव आलं की बाकीचे म्हणणार, "त्यांच्याकडं जमलं, आपल्याकडं कुठं जमायचं?"

घर कोरडं, गाव बेट

गाव उसाचं आणि म्हशींचं. बहुतेक दारांत दोन-चार जनावरं, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. जुनी वस्ती पांढरीवर, म्हणजे उंचावर. अलीकडची घरं ओढ्याच्या अंगाला सरकलेली. गावातून बाहेर पडायचा डांबरी रस्ता याच ओढ्यावरच्या मोरीवरून, म्हणजे छोट्या बुटक्या पुलावरून जातो. हा ओढा आणि ही मोरी लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

२०१९ चं पाणी एका रात्रीत आलं नव्हतं. जुलैच्या अखेरीपासून घाटमाथ्यावर पाऊस लागून राहिला होता, कोयना धरण भरत आलं होतं, विसर्ग वाढत होता, वारणेकडंही तेच चाललं होतं. नदी आठवडाभर चढत राहिली. एवढा अवधी मिळूनही माणसं निघाली नाहीत, आणि याचं कारण आळस नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या उंबऱ्याकडं बघत होता. उंबऱ्याला पाणी लागलं की निघू, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. त्यात २००५ ची आठवण ताजी. "पाचच्या पुराला आमची पायरीसुदीक भिजली न्हवती" असं सांगणारं घर प्रत्येक गल्लीत होतं. ज्या घराला २००५ मध्ये धक्का लागला नाही, ते घर २०१९ मध्ये सगळ्यात निर्धास्त राहिलं आणि सगळ्यात वाईट अडकलं.

उंबरे कोरडे असतानाच मोरी बुडाली. नदी फुगली की ओढ्याच्या पाण्याला पुढं जायला जागा उरत नाही, ते मागं सरकतं आणि पसरतं. पांढरीवरच्या घरांत चुली पेटत होत्या, गोठ्यात धारा काढणं चालू होतं, आणि बाहेर जायचा रस्ता पाण्याखाली गेला होता. गाव बेट झालं होतं. पुढचे दोन दिवस पाणी वर येत राहिलं तसं त्या बेटाचं आकारमान कमी कमी होत गेलं.

मग जे झालं ते त्या वर्षी कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत झालं. तरुण मंडळाच्या पोरांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधून तराफे केले. गुऱ्हाळाची एक काहील, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, बाहेर काढली आणि तिच्यात बसवून म्हातारी माणसं शाळेच्या गच्चीवर नेली. पोहता येणाऱ्यांनी दोर कमरेला बांधून ओढ्यापलीकडनं औषधं आणली. या पोरांच्या धाडसाबद्दल मला शंका नाही. त्यांनी जीव धोक्यात घातला आणि माणसं जगली. पण ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. १७ जण गेले, त्यांत बायका आणि लहान मुलं होती. बातमी इथं पोचली आणि शाळेच्या गच्चीवरच्या बायकांनी बोटीत पाय ठेवायला नकार दिला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले तेव्हाही त्यांची समजूत घालण्यात बराच वेळ गेला.

त्यानंतर पाणी ओसरलं आणि मदतीचे ट्रक आले. महाराष्ट्रातून माणसं किती मनापासून धावली हे सांगलीकर विसरणार नाहीत. पण हमरस्त्याला लागून असलेल्या गावांत बिस्किटांचे ढीग लागले आणि आतल्या वस्त्यांना फिनेलची बाटली मिळेना, हेही तितकंच खरं. या गावच्या समाजमंदिरात जुन्या कपड्यांचा डोंगर झाला होता. तो निवडायला चार मुलींचे तीन दिवस गेले, आणि त्याच वेळी गल्लीगल्लीत चिखल काढायला फावडी कमी पडत होती.

मंडपातला प्रश्न

त्या साली गणपती २ सप्टेंबरला बसले. गाव अजून वाळलं नव्हतं. मंडळाने देखावा केला नाही. आरतीनंतर पोरं मंडपात बसायची आणि कोणी कोणाला कसं काढलं याच गोष्टी चालायच्या. त्यात एकदा नर्सिंगला शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, "पण आपल्याला बोट लागलीच कशापायी?" काहींना राग आला. उत्तर दिलं ते कारखान्याला ऊस ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्या पोराने: "मोरी बुडाली म्हणून. ट्रॉली चालत हुती तवर कोण निघालं न्हाई."

या प्रकरणातली कळ तिथं सापडली असं मला वाटतं. त्या दिवसापर्यंत सगळे घर कधी बुडतं हे बघत होते. घर बुडायच्या कितीतरी आधी रस्ता तुटतो, आणि निर्णयाची वेळ ती आहे. तिच्या आत माणूस निघाला तर त्याला ट्रॉली पुरते. ती टळली की बोट लागते, दोर लागतो, पोहणारा लागतो, आणि कोणाचा तरी जीव टांगणीला लागतो.

वही

मंडळाने वर्गणीतून उरलेल्या पैशातून पहिली खरेदी केली ती दोन जाड वह्यांची आणि एका मोठ्या टेपची. लाइफ जॅकेट, बॅटऱ्या, दोर, भोंगा हे नंतर आलं.

मोजायची रीत मी जवळून पाहिली आहे, म्हणून ती नीट सांगतो. पूर ओसरला की भिंतीवर चिखलाची एक रेघ राहते. पाणी जिथवर चढलं ती ही रेघ, आणि त्या वेळी आयर्विनला किती होतं हे गावात सगळ्यांना तोंडपाठ. पोरांनी प्रत्येक घरी जाऊन रेघेपासून उंबऱ्यापर्यंत किती फूट खाली यावं लागतं ते मोजलं आणि ५७ तून वजा केलं. रेघ उंबऱ्याच्या ४ फूट वर असेल, तर आयर्विनला ५३ झालं की त्या उंबऱ्याला पाणी लागणार. ज्या घरांची भिंत पडली होती किंवा रेघ धुऊन गेली होती, तिथं शेजारच्या घरावरून पातळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात, त्याच पद्धतीने. गावातल्या एका गवंडीकामाच्या मिस्त्रींनी चार रविवार त्यांच्याबरोबर घालवले आणि मजुरी घेतली नाही.

हे गणित काटेकोर नाही. नदीच्या पाण्याला उतार असतो, पूल आणि गाव यांच्यातला फरक दर पुराला सारखा राहत नाही, वारणेचा फुगवटा कमीजास्त असतो. पोरांना ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडून २००५ च्या खुणा विचारून घेतल्या, कुठल्या देवळाच्या कितव्या पायरीला पाणी होतं, कोणाच्या रांजणाला लागलं होतं, आणि त्यावरून आपले आकडे पडताळले. फूट-दीड फूट इकडंतिकडं धरून चालायचं ठरलं. शेवटी त्यांनी मोरीची पातळी काढली. आयर्विनला ४३ च्या आसपास मोरी बुडते. पांढरीवरची बहुतेक घरं ५२ नंतर. म्हणजे आकड्यात ९ फुटांचं अंतर, ज्यात माणूस कोरड्या घरात बसून अडकलेला असतो. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे.

पुढच्या पानांवर घराला एक ओळ. घरात माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, डायलिसिसला जाणारं कोण, इन्सुलिन कोणाला, गरोदर बाई कितव्या महिन्यात, जनावरं किती, वाहन आहे का, आणि निघायचं झालं तर पाहुणे कुठल्या गावी. हा शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यात हुशारीचा. माणूस 'निवारा केंद्रात चला' म्हटलं की मागं सरतो. 'आष्ट्याला तुमच्या थोरल्या मेहुण्यांच्यात जायचंय ना?' म्हटलं की पिशवी शोधायला लागतो.

बायकांची माहिती मुलांनी विचारली तेव्हा अर्धी मिळाली. कोण गरोदर आहे, कोणाला गर्भाशयाचा त्रास आहे, कोणाच्या घरी नवऱ्याच्या दारूपायी रात्री बाहेर पडणंच अवघड आहे, हे पोरांना कोण सांगणार? मग नर्सिंगची ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी आशाताईंबरोबर फिरल्या आणि त्यांनी आपली वेगळी वही केली. ती वही मुलांना दाखवायची नाही असा नियम त्यांनीच घातला आणि तो आजही पाळला जातो. पूरनियोजनाच्या छापील नमुन्यांत मला अशा खासगीपणाची सोय कुठं दिसली नाही.

जनावरांचा प्रश्न

वहीने रस्त्याचं गणित सुटलं, पण माणसं न निघण्याचं खरं कारण गोठ्यात बांधलेलं होतं. एका आजोबांशी झालेलं बोलणं पोरांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"आबा, आयर्विन चाळीसच्या वर गेलं की निघायचं बगा."

"आरं, आन्‌ म्हशी काय दावणीला मरू द्यायच्या व्हय? त्यास्नी कोण बगंल?"

यावर पोरांकडं उत्तर नव्हतं आणि आबांचं चूक नव्हतं. दुभती म्हैस म्हणजे घराचा महिन्याचा पगार. २०१९ मध्ये बऱ्याच घरांनी जनावरांची दावी कापून त्यांना पाण्यात सोडून दिलं होतं. काही पोहत उंचावर लागली, काही गेली. ज्यांची वाहून गेली त्यांच्याकडं पंचनाम्याला दाखवायला काही उरलं नाही.

तोडगा तुकड्यातुकड्याने निघाला. उसाच्या ट्रॉल्या पावसाळ्यात रिकाम्या उभ्या असतात. ट्रॉलीमालकांची यादी झाली, डिझेलचा खर्च मंडळाने द्यायचा ठरला, म्हैस चढवायला फळ्यांचा उतार तयार करून ठेवला. उंचावरच्या गावांत ओळखीच्या शेतकऱ्यांच्या मोकळ्या शेडची चौकशी झाली. चारा कोण पोचवणार, सकाळची धार कोण काढणार आणि त्या गावच्या कुठल्या संकलन केंद्रावर दूध घालता येईल, इतकं बारीक बोलून ठेवलं. धार चुकली तर म्हशीची कास दुखावते आणि ती आटते, त्यामुळं मालक तिच्याबरोबर जाणार हे उघड होतं. मालक गेला की घरातली माणसं आपोआप निघतात, हे पोरांच्या नंतर लक्षात आलं. आधी माणसं मग जनावरं, हा सरकारी क्रम या गावात उलटा लावावा लागला आणि तो लागू पडला. अंथरुणावरचे आजारी आणि गरोदर बायका पहिल्या, त्यांच्या पाठोपाठ जनावरं, मग बाकीचे.

जनावरांची मोजदाद बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या दिवशी होते. त्या दिवशी प्रत्येक जण आपली जनावरं धुऊन, शिंगं रंगवून दारात बांधतो, म्हणून कोणाच्या दावणीला किती हे न विचारता कळतं. शाळकरी मुलं गल्ली वाटून घेतात आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर उतरवून घेतात, मोबाइलवर फोटोही काढतात. बेंदूर पावसाळ्याच्या तोंडावर येतो, त्यामुळं यादी ऐन वेळी ताजी असते.

जुलै २०२१

२२ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथं दरडी कोसळून माणसं दबली. खाली सांगलीकडं नदी २०१९ सारखी सावकाश न चढता झपाट्याने चढायला लागली.

मंडळाची कामं आधीच वाटलेली होती. पाटबंधारे खात्याच्या पातळ्या येतात त्या क्रमाने: कऱ्हाडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन. वरच्या पुलावर जे दिसतं ते काही तासांनी खाली येतं. एका मुलीचं काम एवढंच होतं की दर वेळचे आकडे चावडीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचे, शेजारी मागचा आकडा आणि फरक. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कोयनेची भिंत फुटली' पासून वाट्टेल ते फिरत होतं. फळ्यावर जे असेल तेच खरं, असं गावाने तेव्हा मानलं, कारण तिच्या आकड्यांशी नदी जुळत होती. भिलवडीचा फरक वाढला तशी त्यांनी आयर्विनच्या ४० ची वाट पाहिली नाही. ३८ लाच देवळाच्या भोंग्यावरून पहिली हाक दिली.

रात्रीत आजारी आणि गरोदर बायका हलवल्या. पहाटे जनावरांच्या ट्रॉल्या सुटल्या. पोरं प्रत्येक दारात जाऊन भिंतीवर रंगवलेला आकडा दाखवत होती. हो, हे सांगायचं राहिलं: प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर, दाराशेजारी, दोन आकडे रंगवले होते. वरचा घराचा, खालचा मोरीचा. खालचा आकडा सगळ्या गावात एकच, ४३. लोकांच्या मनात तो आकडा बसावा म्हणून हे केलं होतं, आणि तो बसला होता. म्हाताऱ्या बायकासुद्धा "त्रेचाळीस झालं का रं?" विचारत होत्या.

मोरी बुडाली तेव्हा गावात राहिली होती ती स्वतःहून मागं थांबलेली थोडी माणसं, राखणीला म्हणून. चोरीची भीती खोटी नव्हती, म्हणून गल्लीमागं कोण थांबणार हेही आधी ठरलं होतं, आणि थांबणारे सगळे पोहणारे, धडधाकट, दोन मजली घरातले. २५ च्या सुमारास नदी ५४ च्या पुढं जाऊन थांबली. पांढरीवरच्या बऱ्याच उंबऱ्यांना पाणी लागलं. वहीतल्या आकड्याशी काही घरं तंतोतंत जुळली, ओढ्याच्या अंगाची मात्र अंदाजाच्या आधी बुडाली. काहील बाहेर काढावी लागली नाही.

जे निसटलं

एवढं सगळं होऊन एक कुटुंब जवळजवळ राहून गेलं होतं. मळ्यातल्या गोठ्यावर कामाला असलेलं बाहेरगावचं जोडपं आणि त्यांची दोन मुलं. वही सुरू झाली ती मतदारयादी आणि रेशनकार्डांवरून, आणि ही माणसं दोन्हींत नव्हती. मालक जनावरं घेऊन गेला तेव्हा त्याला वाटलं ती गावात आली असतील, गावाला वाटलं मालकाबरोबर गेली असतील. एका मुलाला त्यांच्या पोरीची आठवण झाली, शाळेत त्याच्या बहिणीच्या वर्गात होती म्हणून. पोरं मोरी बुडायच्या बेताला ट्रॅक्टर घेऊन मळ्यात गेली आणि त्यांना घेऊन आली. थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं ते लिहावंसं वाटत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक यादीला हे भोक असतं. जो कागदावर नाही तो संकटात दिसत नाही, आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात खालच्या जमिनीवर राहत असतो. आता वहीत मळ्यातल्या प्रत्येक शेडला ओळ आहे, माणूस बदललं तरी शेडची ओळ राहते.

दुसरी अडचण करोनाची. दुसरी लाट सांगलीत रेंगाळली होती. घरीच अलग राहणारे रुग्ण गावात होते आणि त्यांना कुठलाच पाहुणा घेईना. मंगल कार्यालयाच्या मालकांनी वरचा मजला दिला, नर्सिंगच्या मुलीने ऑक्सिमीटर घेऊन तिथं मुक्काम केला. हे नियोजनात कुठंच नव्हतं, माणुसकीवर निभावलं. मला वाटतं पुढच्या वेळी असं निभावेलच यावर विसंबू नये. संसर्गाच्या रुग्णांसाठी जागा आधी ठरलेली हवी.

पाणी ओसरल्यावरचं काम मी थोडक्यात सांगतो, ते सगळीकडं सारखंच असतं: चिखल, मेलेली जनावरं, आडात आणि टाक्यांत जंतू मारायची टीसीएल पावडर, पुराच्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोच्या तापाच्या भीतीने गोळ्यांचं वाटप. या वेळी फरक इतकाच की मदत पाठवणाऱ्यांना पोरांनी यादी पाठवली, फावडी, घमेली, पंप, झाडू, सॅनिटरी पॅड, आणि खाली लिहिलं की जुने कपडे कृपया पाठवू नयेत. काही मंडळी नाराज झाली. कोणा पुढाऱ्याचा माणूस फलक घेऊन आला होता, त्याला पोरांनी नम्रपणे फलक घडी घालून ठेवायला सांगितला.

या कामाला मोल कोण देणार

हा जिल्हा १९४३ च्या प्रतिसरकारचा, इंग्रजांना झुगारून लोकांनी चालवलेल्या सरकारचा. क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना, शेणोलीला अडवलेली रेल्वे, हे इथल्या पोरांना ऐकून माहीत असतं. पण प्रतिसरकार लोकांच्या घरात पोचलं ते गावोगावच्या न्यायनिवाड्यांनी, बाजार आणि धान्याच्या व्यवस्थेने, रोज करायच्या, नाव न होणाऱ्या कामांनी. तरुणांची सेवा म्हटलं की आपण आजही पाण्यात उडी मारणाऱ्याचा सत्कार करतो. फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या मुलीचा सत्कार या गावातही कोणी केला नाही.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात, शिवाय सात दिवसांचं शिबिर. आमच्या भागातली शिबिरं बऱ्याचदा रस्ते झाडणं, वृक्षारोपण आणि संध्याकाळचं व्याख्यान यांत संपतात. कृष्णाकाठच्या महाविद्यालयांनी त्यातले ३० तास जरी पूररेघ मोजायला आणि घरयादी ताजी करायला दिले, तरी दोन पावसाळ्यांत नदीकाठच्या प्रत्येक गावाची वही तयार होईल. आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक घडवणाऱ्या 'आपदा मित्र' या सरकारी योजनेत बारा दिवसांचं चांगलं प्रशिक्षण मिळतं, या गावातल्या काहींना ते घ्यायचं आहे. त्यांनी जरूर घ्यावं. बोट चालवणं हे शिकलेल्याचंच काम, आणि ब्रह्मनाळनंतर या मंडळाने प्रशिक्षण नसलेल्या कोणीही बोटीला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं आहे.

खरा धोका वेगळाच आहे. वही सुरू करणाऱ्यांपैकी बरेच जण आता पुण्याला, चाकणला कामाला गेले. ट्रॅक्टरवाला गावात आहे, नर्सिंगची मुलगी मिरजेच्या एका दवाखान्यात लागली. यादी दर वर्षी शिळी होते: माणूस मरतं, सून येते, म्हैस विकली जाते, भाडेकरू बदलतो. म्हणून त्यांनी वही मंडळाकडून काढून शाळेत आणली. आठवीची मुलं ती जूनमध्ये घरोघर फिरून दुरुस्त करतात, नववीची तपासतात. शाळेच्या शिक्षकांनी हे मनावर घेतलं नसतं तर २०२१ नंतर वही कपाटात गेली असती. वारणेच्या बाजूच्या एका गावातली पोरं मागच्या दिवाळीत येऊन रकाने उतरवून घेऊन गेली. त्यांची अडचण निराळी आहे, त्यांच्याकडं दोन रस्ते आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या नद्यांनी तुटतात, त्यामुळं आयर्विनच्या एका आकड्यावर त्यांचं भागत नाही.

राहता राहिली मोरी. ती ५ फूट उंच झाली तर या गावाला निघायला निदान आणखी अर्धा दिवस मिळेल. पोरांनी पातळीचे आकडे, फोटो आणि नकाशा लावून ग्रामसभेत ठराव मंजूर करून घेतला आणि अर्ज वर पाठवला. उत्तर आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे. पूरनियंत्रणाच्या मोठमोठ्या योजनांची चर्चा होते तेव्हा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर सगळे तावातावाने बोलतात, आणि ते बोलायलाच हवं. पण नदीकाठच्या गावांना आधी बेट करणाऱ्या या ओढ्यांवरच्या मोऱ्या कोणाच्या यादीत आहेत? जिल्ह्याने एकदा त्या सगळ्या मोजाव्यात, कुठली मोरी आयर्विनच्या कितीला बुडते ते काढावं, आणि सगळ्यात आधी बुडणाऱ्या पहिल्यांदा उचलाव्यात. मोजायचं कसं ते विचारायला या गावच्या शाळेत यावं, आठवीची मुलं दाखवतील.